पाळीव कुत्र्याला स्वच्छतेचे वळण



बेळगाव-निपाणी परिसरातील घर आणि कुत्रे यांचे नाते फार जुने आहे. मेंढरांच्या वाघरीपाशी रात्रभर जागणारे धनगराचे कुत्रे, उसाच्या फडाची राखण करणारे शेतकऱ्याचे कुत्रे, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीपुढे साखळीला बांधलेले कुत्रे आणि बेळगावच्या कॅम्पात गळपट्टा घालून सकाळी फिरावयास निघालेले विलायती कुत्रे, असे याचे अनेक अवतार येथे पाहावयास मिळतात. नरसोबाच्या वाडीला जाणारा भाविक श्रीदत्ताच्या तसबिरीत पायांशी उभी असलेली चार कुत्री पाहतो, ती चार वेदांची रूपे आहेत असे मानतो आणि हात जोडतो. खंडोबाच्या सोबतीलाही कुत्रे असतेच. तसबिरीतील कुत्र्याला असा मान आहे. परंतु घरात आणलेल्या दोन महिन्यांच्या पिल्लाने ताज्या सारवलेल्या जमिनीवर लघवी केली, की मात्र हा मान क्षणात संपतो आणि केरसुणी हाती येते.

विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. पिकाची कीड, पाण्याची टंचाई, शाळेची गळकी कौले असे प्रश्न समोर असताना कुत्र्याने शौचास कोठे बसावे याचा ऊहापोह कशाला, असे कोणी म्हणेल. तथापि या लहानशा गोष्टीमागे एक मोठी गोष्ट दडलेली आहे. मुलांनी हट्ट धरून पिल्लू घरी आणावे, आठ-पंधरा दिवस त्याचे कौतुक व्हावे, मग ‘हे घरभर घाण करते’ अशी तक्रार सुरू व्हावी आणि एके दिवशी त्याला पोत्यात घालून बाजाराच्या आवारात, नदीच्या पुलापाशी किंवा शेजारच्या गावच्या वेशीवर सोडून यावे, हा क्रम पुष्कळ घरांत घडतो. सोडलेल्या पिल्लांपैकी बरीच मरतात. जी जगतात ती उकिरड्यावर वाढतात, त्यांना लस कोणी टोचत नाही, आणि वर्षभरात मादीला स्वतःची पिल्ले होतात. गावातील मोकाट कुत्र्यांच्या उपद्रवाबद्दल ग्रामपंचायतीकडे अर्ज देणाऱ्यांत असे पिल्लू सोडून आलेला गृहस्थही कधी कधी असतो!

असे सोडून देणे हा केवळ निर्दयपणा नव्हे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे, उपासमार व तहान यांनी हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सबळ कारणावाचून टाकून देणे हा गुन्हा आहे. मोकाट कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडण्याची व्यवस्था २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आहे, व ती स्थानिक संस्थांनी करावयाची आहे. पण एका बाजूने नसबंदी करीत राहावयाची आणि दुसऱ्या बाजूने घराघरांतून नवी पिल्ले रस्त्यावर येत राहावयाची, तर रांजणात पाणी कितीही ओतले तरी तळाचे भोक तसेच राहावे, अशी गत होते.

आणि यापुढचे संकट रेबीजचे, म्हणजेच पिसाळी रोगाचे आहे. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचत नाही, असेच म्हणावे लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संशोधकांनी २०२२-२३ मध्ये देशभर केलेल्या पाहणीवरून असा अंदाज निघाला, की देशात वर्षाला सुमारे ५,७०० माणसे रेबीजने दगावतात आणि सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात. या चाव्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक कुत्र्यांचे असतात. संशयित पिसाळलेल्या प्राण्याने चावलेल्यांमध्ये शंभरात सुमारे चाळीस जण पंधरा वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत हटविण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला. तो आराखडा दिल्लीत तयार झाला असला, तरी त्याची सिद्धी मात्र गावच्या सोप्यावरच व्हावयाची आहे. जे कुत्रे घराला त्रासदायक होत नाही ते घरात टिकते. जे घरात टिकते त्याला दवाखान्यात नेऊन लस टोचली जाते. शौचाचे वळण आणि पिसाळी रोग यांचा संबंध हा असा आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. कुत्रे हा स्वभावतः घाणेरडा प्राणी आहे ही समजूत प्रथम टाकून दिली पाहिजे. कुत्र्याचा पूर्वज लांडगा. तो ज्या बिळात निजतो ते बीळ स्वच्छ ठेवतो. पिल्लू जन्मल्यावर पहिले सुमारे तीन आठवडे स्वतःहून मलमूत्र विसर्जन करू शकत नाही. आई चाटते तेव्हा ते होते, आणि ती जागाही आईच स्वच्छ करते. तीन आठवड्यांनंतर पाय फुटताच पिल्लू अंथरुणापासून चार पावले लांब जाऊन बसू लागते. हे त्याला कोणी शिकवीत नाही. सात ते नऊ आठवड्यांच्या सुमारास त्याच्या पायांना ज्या जमिनीचा स्पर्श सवयीचा होतो, तसलीच जमीन ते पुढे शोधू लागते. मातीवर बसलेले पिल्लू माती शोधते, गवतावर बसलेले गवत शोधते, आणि ज्याला या वयात गुळगुळीत फरशीच मिळाली ते आयुष्यभर फरशी शोधत हिंडते. म्हणजे निसर्गाने पाटी अर्धी लिहून दिलेली आहे. माणसाने ‘निजण्याची जागा’ याचा अर्थ ‘संपूर्ण घर’ असा आहे, एवढेच पिल्लाला पटवून द्यावयाचे असते. आपल्या दृष्टीने स्वयंपाकघर, माजघर, सोपा आणि देवघर मिळून एक घर होते. पिल्लाच्या दृष्टीने घर म्हणजे त्याचे तरट. तरटापासून दहा हातांवर असलेले देवघर त्याच्या लेखी परगाव आहे.

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण पिल्लाच्या शिक्षणाच्या फार आड येते. शेपटीची गोष्ट निराळी आणि सवयीची निराळी.

वेळ साधणे हाच या शिक्षणाचा गाभा आहे. पिल्लाला केव्हा लागते हे बहुतांशी आधीच सांगता येते. ते झोपेतून उठते तेव्हा, खाऊन झाल्यावर पाच ते तीस मिनिटांच्या आत, भरपूर खेळल्यानंतर आणि रात्री निजण्यापूर्वी. पोटात अन्न पडले की आतडी हालू लागतात, हा शरीराचाच धर्म आहे. लघवी धरून ठेवण्याची शक्ती ढोबळमानाने जितके महिने वय तितके तास, एवढी समजावी. दोन महिन्यांचे पिल्लू दिवसा दोन तासांहून अधिक काळ थोपवू शकेल अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे बालवाडीच्या मुलाला चौथीची वजाबाकी घालण्यासारखे आहे. याशिवाय पिल्लू खूण देते. खेळता खेळता ते एकाएकी थांबते, नाक जमिनीला लावून हुंगत फिरते, गोल गोल घिरट्या घालते, कोपऱ्याकडे किंवा दाराकडे जाते. ही खूण दिसताच त्याला उचलून किंवा दोरीने परसदारी ठरलेल्या जागी न्यावे. तेथे त्याच्याशी खेळू नये, गप्प उभे राहावे. कार्यभाग उरकताच, त्याच क्षणी, गोड शब्दांनी त्याची पाठ थोपटावी आणि भाकरीचा एखादा तुकडा द्यावा. घरात परत आल्यावर दिलेला तुकडा घरात आल्याबद्दलचा ठरतो, हे लक्षात ठेवावे. पाच मिनिटांत काही झाले नाही तर घरात आणून जवळच, नजरेखाली ठेवावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा न्यावे. पुष्कळांचे चुकते ते येथेच. बाहेर काही झाले नाही म्हणून पिल्लाला घरात मोकळे सोडले जाते, आणि दोन मिनिटांत कार्यभाग धान्याच्या कणगीमागे उरकलेला असतो.

रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कुत्र्यांवर केलेले प्रयोग शिक्षकवर्गाला ठाऊक असतील. अन्नापूर्वी नेमाने एखादा ध्वनी ऐकविला, तर पुढे नुसत्या ध्वनीनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. यातील महत्त्वाची गोष्ट अशी, की दोन घटना जवळजवळ लागून घडल्या तरच कुत्रे त्यांची सांगड घालते. म्हणूनच शाबासकी तत्काळ द्यावयाची, आणि म्हणूनच शिक्षा व्यर्थ ठरते. सकाळी घाण करून ठेवलेल्या जागी दुपारी पिल्लाला ओढत न्यावे, त्याचे नाक त्यात घासावे आणि वर फटका द्यावा, ही पद्धत गावोगाव रूढ आहे. पिल्लाला यातून एवढेच कळते, की हा माणूस अधूनमधून विनाकारण चवताळतो. कान पाडून, शेपूट पायांत घालून ते बसते, तेव्हा ‘बघा, त्याला आपली चूक कळते’ असे म्हटले जाते. ती चुकीची जाणीव नसून भीती असते. पुढे हे पिल्लू माणसादेखत लघवी करावयाचेच टाळते. बाहेर दोरीला धरून अर्धा तास उभे राहिले तरी करीत नाही, आणि घरात येऊन पलंगाखाली लपून करते. मालक त्याला लबाड म्हणतो. ती लबाडी मालकानेच शिकविलेली असते. काही पिल्ले तर नुसता आवाज चढला तरी पोटावर लोळून थेंब थेंब लघवी करतात. ती शरणागतीची खूण आहे. तेथे रागावले की थेंबांची धार होते. अशा पिल्लाजवळ खाली बसून, हलक्या आवाजात बोलत जावे. वय वाढते तसे बहुधा ते आपोआप थांबते.

पिल्लू करीत असतानाच दिसले, तर टाळी वाजवून त्याला थांबवावे व उचलून बाहेर न्यावे. एवढा एकच प्रसंग दटावणीला योग्य, आणि ती दटावणीही टाळीपुरतीच.

सीमाभागातील घरांत एक खास अडचण संभवते, तीही सांगितली पाहिजे. येथे एकाच घरात दोन-तीन भाषा नांदतात. आजोबा पिल्लाला ‘चल बाहेर’ म्हणतात, शेतावरचा गडी ‘होरगे नडी’ म्हणतो आणि इंग्रजी शाळेत जाणारा नातू ‘आऊट’ म्हणून ओरडतो. तिघेही बरोबर आहेत, पण पिल्लाच्या कानी तीन निरनिराळे आवाज पडतात व त्याचा गोंधळ होतो. कुत्र्याला व्याकरण नसते, ते ध्वनी ओळखते. शब्द कोणत्याही भाषेतला असो, तो घरातील सर्वांनी मिळून एकच ठरवावा. एवढ्यापुरते तरी सर्वांचे एकमत व्हावयास हरकत नसावी.

निपाणी व आसपासच्या गावांत बिडी वळण्याचे काम घरोघरी चालते. समजा, अशा एका घरी मुलाने पिल्लू आणले आहे. आई सोप्यावर सुपात टेंभुर्णीची कापलेली पाने आणि जर्दा घेऊन बसली आहे. दिवसाचा ठरलेला आकडा पुरा व्हावयाचा आहे, उठून पिल्लामागे धावण्यास तिला सवड नाही. पिल्लू हुंगत हुंगत येते आणि भिजवून ठेवलेल्या पानांच्या फडक्यावरच लघवी करते. ती पाने गेली. त्यांबरोबर अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. त्या माउलीने ‘संध्याकाळच्या आत हे घराबाहेर’ असा निर्वाळा दिला, तर तिला दोष कोण देईल? येथे पिल्लावर रागावण्यापेक्षा जागेची आखणी करणे श्रेयस्कर. ती कामाला बसते तेवढा वेळ पिल्लू मोकळे असूच नये. सोप्याच्या दुसऱ्या टोकाला एक लाकडी खोके आडवे ठेवून त्यात तरट घालावे आणि पुढे फळी लावून ते बंद करावे. खोके एवढेच मोठे असावे, की पिल्लाला उभे राहता येईल, वळता येईल व पाय पसरून निजता येईल. त्याहून मोठे असले, तर ते एका कोपऱ्यात निजते आणि दुसऱ्या कोपऱ्याचा शौचकूप करते. स्वतःची निजण्याची जागा राखण्याच्या उपजत वृत्तीमुळे ते खोक्यात लघवी धरून ठेवते, व फळी काढताच थेट परसात नेल्यावर करते. शाळेला जाण्यापूर्वी मुलाने एकदा, मधल्या वेळी आजीने किंवा शेजारणीने एकदा, असे दर दोन तासांनी न्यावे. हे होण्यासारखे नसेल, तर एवढे लहान पिल्लू न आणता पाच-सहा महिन्यांचे आणावे. जर्दा पिल्लाच्या तोंडी लागू देऊ नये, हेही येथेच सांगितलेले बरे. तंबाखूतील निकोटिन कुत्र्याला विषारी असते, आणि लहान पिल्लाला त्याची थोडी मात्राही जिवावर बेतू शकते.

खोके हा तुरुंग नव्हे. दिवसच्या दिवस पिल्लू त्यात कोंडले, किंवा दोन हात साखळीला खुंटीशी बांधून ठेवले, तर नाइलाजाने त्याला आपल्याच अंथरुणात घाण करावी लागते. चार-आठ दिवस असे झाले, की स्वच्छतेची उपजत जाणीवच बोथट होते. अशा कुत्र्याला पुढे वळण लावणे फार जड जाते. साखळीला जन्म काढलेली वखारीवरची कुत्री आपल्याच घाणीत निजलेली दिसतात, ती मुळात तशी नव्हती.

जागा एकदा चुकली की तेथला वास पूर्णपणे घालविणे अगत्याचे आहे, कारण कुत्र्याला पुढची वेळ वासच सांगतो. मातीच्या जमिनीवर नुसते वरून सारवले, तर माणसाच्या नाकाला सर्व ठीक वाटते. कुत्र्याच्या नाकाला नाही. ओली झालेली माती खुरप्याने खरवडून टाकावी, तेथे कोरडी माती भरून चोपावी आणि मग सारवावे. फरशी असेल तर आधी फडक्याने टिपून घ्यावे, साबणाच्या पाण्याने धुवावे व शेवटी पाण्यात थोडे व्हिनेगर घालून पुसावे. अमोनिया असलेले द्रव वापरू नयेत. लघवीतही अमोनियाचा दर्प असतो, त्यामुळे अशी पुसलेली जागा पिल्लाला आमंत्रणच ठरते. फिनेलचा उग्र द्रव पिल्लाच्या पायांना व जिभेला अपायकारक असतो. तो वापरलाच तर जमीन पूर्ण वाळेपर्यंत पिल्लाला दूर ठेवावे.

खाण्याचा नेम हा अर्धे काम करतो. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा ठरलेल्या वेळी खाऊ घालावे, आणि दहा-पंधरा मिनिटांनी थाळी उचलून घ्यावी. दिवसभर थाळीत उष्टे पडून राहिले व पिल्लू येता जाता चाखत राहिले, तर शौचाची वेळ घरातील कोणालाही सांगता येणार नाही. झणझणीत आमटीत कुस्करलेली भाकरी आपण प्रेमाने घालतो. तिने त्याचे पोट बिघडते, आणि कांदा तर कुत्र्याला बाधकच असतो. काही पिल्लांना गाई-म्हशीचे दूध पचत नाही व पातळ शौचास होते. अशा वेळी वळण बिघडले असे समजू नये, दूध बंद करून पाहावे. पाणी मात्र कधीही तोडू नये. लघवी कमी व्हावी म्हणून पाण्याचे भांडे उचलून ठेवणारे काही महाभाग आहेत. उन्हाळ्यात हा उपाय पिल्लाच्या जिवावर बेततो.

परसातील जागा कोठे असावी, यालाही महत्त्व आहे. कुत्र्याच्या पोटातील गोल कृमी पिल्लाला बहुधा आईच्या पोटातूनच मिळतात, आणि त्यांची अंडी विष्ठेवाटे मातीत जातात. ती लगेच रोग पसरवीत नाहीत. मातीत साधारण दोन ते चार आठवडे राहिल्यावर ती संसर्गजन्य होतात आणि मग पुढे दीर्घकाळ टिकून राहतात. माती चिवडणाऱ्या मुलाच्या बोटांवरून ती पोटात जातात. यास्तव विष्ठा रोजच्या रोज उचलावी आणि विहिरीपासून दूर खड्ड्यात पुरावी. भाजीच्या वाफ्यात किंवा भाजीला घालावयाच्या खतात टाकू नये. कुत्र्यातील अंकुशकृमींच्या अळ्या अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतात व तेथे नागमोडी, खाजरी रेघ उठते. आपल्याकडे अनवाणी वावरणाऱ्यांची संख्या काही कमी नाही. ज्या गावात मेंढरे-बकरी कापली जातात, तेथे त्यांची आतडी, काळीज, फुप्फुसे कच्ची कुत्र्यापुढे टाकू नयेत. त्यातील फोडांतून कुत्र्याच्या पोटात फीतकृमी वाढतात, आणि त्यांच्या अंड्यांमुळे माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात. पिल्लाला दोन आठवड्यांच्या वयापासून जंताचे औषध सुरू करावयाचे असते. त्याची मात्रा वजनावर अवलंबून असल्याने ती पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच ठरवून घ्यावी.

लसीचा क्रमही वळणाशी निगडित आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून पार्व्हो व डिस्टेंपर या रोगांच्या लसी सुरू होतात आणि सोळा आठवड्यांपर्यंत त्यांच्या मात्रा पुऱ्या होतात. तोपर्यंत पिल्लाला चावडीपुढे, जेथे सर्व गावची कुत्री येतात तेथे शौचाला नेऊ नये. आपल्याच परसात न्यावे. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात व पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी टोचून घ्यावी. आणि कोणाला कुत्रे चावलेच, स्वतःचे असो वा परक्याचे, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही जुन्या लोकांची धास्ती आता निराधार आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनविलेली ती लस भारतात २००४ च्या अखेरीपर्यंत बंद झाली; आताची लस दंडात, थोड्याच मात्रांत देतात. जखम खोल असेल तर तिच्या भोवती आणखी एक औषध टोचावे लागते, ते टाळू नये. बेळगावच्या टिळकवाडीत ‘व्हॅक्सिन डेपो’च्या झाडीत सकाळी फिरावयास जाणाऱ्यांना हे ठाऊक असेल, की एके काळी तेथे देवीची लस तयार होत असे. देवी गेली. तो रोग घरोघर लस पोहोचल्यामुळे गेला, हे त्या झाडीतून फिरताना आठवावयास हवे.

या भागाची म्हणून जी जात ओळखली जाते, तिचाही उल्लेख येथे उचित होईल. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हे घोरपडे घराण्याचे जुने संस्थान. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी सडपातळ, लांब पायांच्या, वाऱ्यासारख्या धावणाऱ्या कुत्र्यांची जोपासना केली. महाराष्ट्रात त्यांना ‘कारवान’ म्हणतात. डाक विभागाने २००५ मध्ये भारतीय कुत्र्यांच्या चार जातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळचाही मान होता. मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीचे संशोधन केंद्र आहे, आणि तिची पिल्ले लष्कराच्या शिक्षणकेंद्रातही गेली आहेत. हे कुत्रे हळव्या मनाचे असते, आणि मारझोड झाली की ते मालकापासून तुटते. दोन हातांच्या साखळीला तर ते मुळीच बांधू नये. त्याला रोज धावावयास मोकळे रान लागते. पैसा टाकून मुधोळ आणावयाचा आणि गच्चीवर कोंडून ठेवावयाचा, असे प्रकार शहरांतून दिसू लागले आहेत. नंतर तो घरात घाण करतो म्हणून तक्रार होते. तक्रार कुत्र्याने करावयास हवी.

पावसाळा ही परीक्षेची घडी. खानापूर-लोंढ्याकडे तर जूनपासून आभाळ फाटलेले असते आणि पिल्लू उंबरठ्याबाहेर पाऊल टाकावयास तयार होत नाही. त्याला ढकलून बाहेर काढले व दार लावून घेतले, तर ते दाराशी कुडकुडत उभे राहते आणि आत येताच करते. गोठ्याच्या पडवीत, जेथे पाणी येत नाही अशा ठिकाणी, परसातल्या ठरलेल्या जागेवरचीच माती पसरून ठेवावी. ओळखीच्या वासामुळे ते तेथे बसते. शहरातील सदनिकांत घमेलेभर माती किंवा वर्तमानपत्राचे जाड थर हा पर्याय आहे. मात्र कागदाची सवय लागल्यावर ती पुन्हा मोडून मातीवर आणण्यास दुप्पट काळ लागतो. दिवाळीत फटाक्यांच्या धास्तीने शहाणेसुरते कुत्रेही घरात लघवी करते. त्या चार दिवसांत त्याला काळोखापूर्वीच बाहेर नेऊन आणावे आणि रात्री आतल्या खोलीत, माणसांजवळ ठेवावे.

हे सर्व नेमाने केले, तर बहुतेक पिल्ले चार ते सहा महिन्यांच्या वयापर्यंत वळणावर येतात. काहींना वर्षही लागते. या कामी घरातील मोठ्या मुलांचा उपयोग फार होतो, आणि शिक्षकांनी मनावर घेतले तर आणखी होईल. पिल्लू केव्हा जेवले, केव्हा उठले, केव्हा बाहेर नेले, केव्हा चुकले, याची आठ दिवसांची नोंद वहीत ठेवावयास एखाद्या विद्यार्थ्याला सांगावे. आठव्या दिवशी त्याला स्वतःलाच दिसून येते, की चुकलेल्या बहुतेक वेळा या आपण विसरलेल्या वेळा होत्या. निरीक्षण आणि नोंद यांचा याहून जिवंत पाठ विज्ञानाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही.

वळण लागलेले कुत्रे एकाएकी घरात करू लागले, तर मात्र ते खोडी करीत आहे असे न समजता त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. लघवीच्या मार्गाचा दाह, जंत, मधुमेह अशी कारणे त्यामागे असू शकतात. वयात आलेला नर भिंतीच्या कडेला, खांबाला थोडी थोडी लघवी करतो. ती आपल्या हद्दीची खूण असते, आणि वेळीच नसबंदी केल्यास ती खोड बहुतांशी कमी होते.

आणि शेवटी म्हातारे कुत्रे. बारा-तेरा वर्षे ज्याने वखार किंवा मळा राखला, ते रात्री उठून दारापर्यंत पोहोचू शकत नाही व वाटेतच ओले करते. शिकलेले ते विसरलेले नसते, शरीर साथ देत नाही इतकेच. त्याचे अंथरूण दाराजवळ आणावे, रात्री एकदा उठून त्याला बाहेर न्यावे, तरटाखाली प्लास्टिकचा कागद घालावा आणि तरट रोज धुऊन उन्हात वाळवावे. तरटाची जागा मात्र वारंवार बदलू नये. डोळ्यांना दिसेनासे झाले, तरी ती जागा त्याला नाकाने सापडते.